पेत्रानाच्या खिडकीपुढे दोन पायऱ्या खाली

पेत्रानाला मी सत्तावीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं मी तिला फक्त गळ्यापासून वर पाहिलंय. हसू नका. तिचं दुकान आमच्या इमारतीच्या तळघरात, आणि विक्रीची खिडकी फुटपाथला टेकलेली. काही घ्यायचं तर गिऱ्हाइकानं रस्त्यात उकिडवं बसायचं, मान खाली घालायची आणि आत डोकावून मागायचं. बल्गेरियाच्या राजधानीत, आमच्या सोफियात, अशी दुकानं एके काळी गल्लोगल्ली होती. कारखाने बंद पडले, माणसं घरी बसली, आणि ज्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्यानं आपल्या कोळशाच्या तळघरातून बिअर नि सिगरेटी विकायला सुरुवात केली. बाकीची दुकानं केव्हाच मिटली. ‘बायकांचा बाजार’ म्हणतात त्या भाजीबाजारामागच्या आमच्या गल्लीत एकटी पेत्राना उरली.

ती आधी मोज्यांच्या कारखान्यात होती. कारखाना गेला त्याच वर्षी नवरा संत्री तोडायला म्हणून स्पेनला गेला, तो तिकडचाच झाला. पदरात सात वर्षांची पोर, रालित्सा. तळघरातला कोळसा हिनं स्वतःच्या हातानं उपसला, तीनदा चुना मारला, तिन्ही वेळा भिंत पुन्हा काळी. चौथ्यांदा म्हणाली, ‘राहू दे काळी, गिऱ्हाईक काय भिंत विकत घेणारे?’ त्या खिडकीवर रालित्सा शिकली, इंजिनीअर झाली, जर्मनीत श्टुटगार्टला गेली.

पेत्रानाची एक विद्या मी जन्मात विसरणार नाही. ती माणसं बुटांवरून ओळखायची. तुम्ही वाकायच्या आत तुमची सिगरेट खिडकीत हजर. एकदा मी मुद्दाम नवे बूट घातले आणि गुपचूप जाऊन उभा राहिलो. आतून आवाज आला, “बूट बदललेस स्तामेन, चाल कुठे बदलणार? एक बिअर की दोन?” मी कपाळावर हात मारून घेतला. दोन घेतल्या.

पण माणसं म्हातारी होतात, आणि आधी त्यांचे गुडघे म्हातारे होतात. तरणी पोरं कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जायला लागली, तिथे वाकावं लागत नाही. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळली. चौथ्या मजल्यावरची वेर्गिनिया, पूर्वीची सुईण, वय एक्याऐंशी, तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं खाली येणंच थांबलं. मग ती बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, पेत्राना खिडकीतून हात बाहेर काढून पाव नि सूर्यफुलाच्या बिया टोपलीत टाकायची. वर्षातून एकदा, नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, पेत्राना केक घेऊन वर जाऊन यायची, तेवढंच. एरवी वेर्गिनियाला हिचा हात दिसायचा, आणि हिला तिची टोपली.

गेल्या मे महिन्यात मी असाच बिअर घ्यायला खिडकीशी उकिडवा बसलो होतो, तेव्हा पेत्राना म्हणाली, “सप्टेंबरची पहिली तारीख.”

“कसली?”

“रालित्सानं तिकीट काढलंय. तिचं घर अकराव्या मजल्यावर आहे म्हणे. लिफ्ट आहे.”

“आणि दुकान?”

“कुठलं दुकान? काल दिवसभरात नऊ माणसं आली. नऊ! त्यातले तीन पत्ता विचारायला. मी गेले की खिडकी विटांनी बुजवून घे. तू इमारतीचा कारभारी ना, म्हणून तुला सांगते. आणि कुणापाशी बोललास तर तुझी बिअर बंद.”

मी बोललो नाही. बिअरसाठी नव्हे. मला ते तोंडातून काढवेना.

जूनमध्ये ती पोरं आली. डिझाइन शिकणारी पाच जणं, पाठीला पिशव्या, हातात मोजपट्ट्या. त्यांच्या कॉलेजानं आमच्या वॉर्डातली बारकी दुकानं वाटून दिली होती, एका टोळीला एक दुकान: न्हावी, चांभार, बेकरी. दुकानासमोर लोकांना बसाउठायला जागा करून द्यायची, सामान कॉलेजचं, मेहनत पोरांची. वॉर्ड ऑफिसनं प्रत्येक दुकानापुढची दोन मीटर पट्टी मोकळी करून दिली होती. यांच्या वाट्याला पेत्राना आली. म्होरकी बिल्याना, काडीसारखी पोरगी, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायची. आणि कालोयान, दांडगा, सगळ्यावर हसणारा.

सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या हव्यात म्हणून ती पाचही पोरं माझ्या दारात. मी त्यांचं चित्र पाहिलं. लाकडी ओटा, कुंड्या, उंच टेबलं. माझा पहिला प्रश्न: “पाणी कुठे जाणार?”

“पाणी?” कालोयान हसला. “काका, हे चित्र आहे.”

“मी चाळीस वर्षं पाणीखात्यात काढली, बाबा. पाणी चित्र बघत नाही, सरळ आत शिरतं.”

तरी मी सही केली. सत्तावीस वर्षं त्या बाईच्या दुकानाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि ही पोरं निदान मोजपट्टी घेऊन आली होती.

ओटा एका आठवड्यात उभा राहिला. काय देखणा! वॉर्डातले सगळे ओटे असेच होते, फुटपाथपासून वीतभर उंच, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही, टेबल डुगडुगत नाही. शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेत्रानानं खिडकीतून बनित्साचं, आमच्या चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचं, ताट बाहेर सरकवलं आणि पोरांनी ते सगळ्यांत फिरवलं. रविवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, कोपऱ्यावरचा जाडा बेकरीवाला, आणि तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

ओटा वीतभर वर, म्हणजे खिडकी वीतभर खाली. बेकरीवाला उकिडवा बसला, मान घातली, कपाळ भिंतीला आपटलं. गुडघे टेकले, तरी जमेना. शेवटी बुवा नव्या लाकडावर सरळ पोटावर पालथे पडले आणि त्या अवस्थेत म्हणाले, “पेत्राना, एक काडेपेटी दे, आणि मला उठवायला कुणीतरी बोलाव.” अख्खी गल्ली हसून हसून बेजार. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

बिल्याना हसली नाही. ओट्याच्या कडेला बसून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“चित्रात तर सगळं बरोबर होतं,” कालोयान पुटपुटला.

“चित्र उभ्यानं काढलंत, पोरांनो,” मी म्हणालो. “इथे कुणी उभ्यानं काही घेत नाही.”

बोलून गेलो आणि मग मलाच वाईट वाटलं. पण पोरगी उठली. डोळे पुसले, कालोयानला म्हणाली, “काढ सगळं.” दुपारपर्यंत ओटा सुटा झाला. मग ती आतल्या जिन्यानं तळघरात उतरली, आणि मागोमाग मी, कारण आता ही काय करते ते मला बघायचं होतं.

“मावशी, तुम्ही कधी बाहेरून बघितलंय तुमचं दुकान?”

“येता-जाता दिसतं की.”

“तसं नाही. गिऱ्हाईक होऊन. मी इथे तुमच्या खुर्चीत बसते, तुम्ही बाहेर जाऊन माझ्याकडे काहीतरी मागा.”

“वेडी की काय ही!” पेत्राना मला म्हणाली. पण ॲप्रनला हात पुसले आणि निघाली. जाताना पोरीला बजावलं, “गल्ल्याला हात लावशील तर बघ.”

मीही तिच्यामागून वर आलो. पेत्राना भर दुपारच्या उन्हात आपल्याच खिडकीसमोर उभी राहिली. ठेंगणी, रुंद, अडुसष्ट वर्षांची बाई. मला त्या क्षणी ती कुणी परकीच वाटली. तिनं भिंतीला एक हात लावला आणि वाकली. निम्म्यात अडकली. सरळ झाली, दम घेतला, पुन्हा वाकली. गुडघा कडाडला, तो मला पाच पावलांवर ऐकू आला. तिसऱ्यांदा तिनं दात आवळले आणि खाली गेली ती थेट चारी हातापायांवर, आणि तशीच राहिली. मान वर होईना, खिडकीत बघता येईना. मी धावलो तर हात झटकून म्हणाली, “थांब! मागू दे मला.” दोनदा मान वर करायची धडपड केली. शेवटी कालोयाननं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं तिला उचललं.

उभी राहिल्यावर तिनं फुटपाथकडे बघितलं. तळव्यांना खडे रुतले होते, तेही झाडले नाहीत.

“माझ्याच्यानं एकदा होईना, स्तामेन,” ती म्हणाली. “आणि हे मी लोकांना सत्तावीस वर्षं करायला लावलं? आणि तरी ते येत राहिले?”

मी स्वतः रोज खाली जाताना देवाचं नाव घेतो आणि वर येताना सैतानाचं, पण तिला कधी बोललो नव्हतो. कुणीच बोललं नव्हतं. पेत्राना गुडघ्यांची चौकशी करायची, तेव्हा सगळे म्हणायचे, मस्त आहेत. मला तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा या गल्लीचा अचंबा वाटला. एवढी माणसं, एवढी वर्षं, एका काडेपेटीसाठी रोज लोटांगण घालत होती, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिल्याना नवा कागद घेऊन आली. ओटा नव्हता, टेबलं नव्हती. खिडकीसमोरची जमीनच खाली नेलेली. रुंद, बुटक्या दोन पायऱ्या उतरायच्या, तिन्ही बाजूंनी बाक, आणि बसलं की तोंड बरोबर पेत्रानाच्या तोंडासमोर.

“वॉर्ड ऑफिस परवानगी देणार नाही,” मी म्हणालो.

कालोयाननं ऑफिसचं पत्र उघडून वाचलं: “फुटपाथच्या वर कोणतंही पक्कं बांधकाम करू नये.” मग माझ्याकडे बघून डोळा मारला. “वर म्हणालेत, काका. खाली करू नका असं कुठे म्हणालेत?”

“आणि पाणी?” मी ओरडलो. “तळघराच्या खिडकीसमोर खड्डा खणता? पहिल्या वादळात पेत्राना बिअरच्या पेट्यांवर बसून पोहत बाहेर येईल!”

“म्हणून तर तुमच्याकडे आलोय,” बिल्याना म्हणाली. “पाणी कुठे जाणार, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आम्हीच ऐकलं नाही.”

मला माझ्या पोरांनी असं कधी म्हटलेलं आठवत नाही. त्या गल्लीतलं गटार एकोणऐंशी साली मी घातलं होतं, माझ्या हातानं. मी खडू आणला आणि फुटपाथवर रेघ मारली: इथे पाइप, एवढा खोल, इकडून इकडे उतार. त्या दिवसापासून मी त्यांचा मुकादम झालो.

काय सांगू तुम्हाला, मी सरकारी खणणारे पाहिलेत, एक खणतो आणि चार बघतात. ही पाचही पोरं जुलैच्या आगीत खणत होती. दगड एकेक काढून नंबर घालून भिंतीशी रचले, परत बसवायचे म्हणून. आणि विचारणं किती! या वेळी त्यांनी कागदावर काही ठरवलं नाही. इमारतीतल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना गाठून प्रत्येकाच्या नडगीचं माप घेतलं, किती उंच बाकावरून हात न टेकता उठता येतं ते करून बघितलं. बिल्याना मोजपट्टी घेऊन चौथ्या मजल्यावर वेर्गिनियाकडे गेली आणि दोन तासांनी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन खाली आली. कठड्याचा दांडा किती जाड हवा ते तिनं वेर्गिनियाची मूठ मोजून ठरवलं. “तिची मूठ बसली की सगळ्यांची बसेल,” म्हणाली. एका सुतारकामासाठी कुणी एवढा जीव टाकतो, हे मी सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. खड्डा फुटपाथएवढाच होता, पण मी रोज सकाळी उठून आधी माझ्या घराच्या खिडकीतून तो बघायचो.

आणि रोज बोटांवर दिवस मोजायचो, कारण पहिली तारीख जवळ येत होती आणि पोरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दोनदा मी तोंड उघडलं. दोनदा खिडकीतून पेत्रानानं माझ्याकडे असं बघितलं की मी खोकून विषय पाण्यावर नेला.

“निदान राहून तरी बघ एक महिना,” एकदा मी हळूच म्हणालो.

“कशासाठी? बसायला जागा झाली म्हणून काय कुणी बसायला येणार? माणसं माल घ्यायला येतात, स्तामेन. घेतात आणि पळतात. मी सत्तावीस वर्षं बघतेय. दोन मिनिटांच्या वर माझ्यापाशी कुणी थांबलेलं नाही. तूसुद्धा नाही.”

ऑगस्टच्या मध्यावर गारांचं वादळ आलं. मी छत्री घेऊन खड्ड्यापाशी धावलो. पोरं आधीच तिथे, चिंब. पाणी पायऱ्यांवरून उतरलं, भोवरा घेत खडीत शिरलं आणि दिसेनासं झालं. तळघरात एक थेंब नाही. पाच जणं पावसात नाचायला लागली. “उतार बरा दिलाय,” मी म्हणालो. माझ्या खात्यातल्या लोकांना विचारा, असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

लाकडाला शेवटचं तेल लावून झालं. ते वाळायला तीन दिवस हवे होते, म्हणून उघडायची तारीख ठरली: एक सप्टेंबर, सकाळी सात. बिल्यानानं सांगितली तेव्हा पेत्राना म्हणाली, “बरं.” बस. एकतीसच्या रात्री तिनं नेहमीसारखी लोखंडी झडप ओढली आणि मेट्रोकडे निघाली.

सकाळी साताला मी खाली आलो तर झडप बंद.

पोरं आली. म्हातारी माणसं आली, धुतलेले कपडे घालून, चर्चला निघाल्यासारखी. वेर्गिनियाला आणायला कालोयान वर गेला. चार मजले उतरायला तिला चाळीस मिनिटं लागली, प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून बसत बसत. फुटपाथवर आल्यावर तिनं त्या दोन पायऱ्यांकडे पाहिलं, दांडा धरला, एक पाय खाली, दुसरा पाय खाली, आणि बसली. हात न टेकता. बिल्यानानं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

आठ वाजले. बाकांवर आठ माणसं, समोर बंद झडप. कुणी उठेना. बोलणी सुरू झाली: कुणाचं पित्ताशय काढलं, यंदा मिरच्यांचा भाव काय, हिवाळ्याच्या साठवणीला त्या भाजायच्या कुणाच्या अंगणात. साडेआठ झाले. बिल्याना माझ्यापाशी आली. “काका, मावशी कुठे आहेत? तुम्हाला माहीत आहे. मला तुमच्या तोंडावरून कळतंय.”

पेत्राना खरंच निघून गेली का, ते आधी मला बघायला हवं होतं. आतल्या जिन्यानं तळघरात गेलो.

पेत्राना तिथेच होती. आपल्या खुर्चीत, अंधारात, ठेवणीतला निळा कोट घालून, पायाशी सुटकेस. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. झडपेच्या फटींतून उजेडाच्या रेघा तिच्या अंगावर पडल्या होत्या, आणि बाहेरचं बोलणं, ते असं तिच्या कानाशी होतं. वेर्गिनिया मिरच्या भाजायचा आपला प्रकार सांगत होती आणि कुणीतरी तिला खोडून काढत होतं.

“दीड तास झाला,” पेत्राना कुजबुजली. “मी सहापासून आहे. चाव्या तुझ्या पत्रपेटीत टाकून जाणार होते. दीड तास, स्तामेन! दुकान बंद आहे, घ्यायला काही नाही. एकानंही झडप वाजवली नाही, आणि एकही उठला नाही.”

“दिसतंय ना मला.”

“मला वाटायचं, माझ्यापाशी थांबायला नको असतं कुणाला.” तिचा आवाज फुटला. “सत्तावीस वर्षं मला तेच वाटायचं. गुडघे दुखायचे रे त्यांचे. म्हणून उठायचे.”

बाहेर तिला विमानतळावर न्यायला आलेल्या टॅक्सीचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. पेत्रानानं सुटकेसच्या मुठीला हात घातला. तो तसाच तिथे राहिला. मग तिनं तो काढून घेतला, कडी ओढली आणि झडप एका झटक्यात वर लोटली.

उजेड आत आला, आणि समोर, हातभर अंतरावर, वेर्गिनियाचं तोंड. बाहेरचं बोलणं थांबलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“काय हवंय?” पेत्रानानं आपल्या नेहमीच्या खरखरीत आवाजात विचारलं.

“म्हातारी झालीस गं,” वेर्गिनिया म्हणाली.

“आणि तू काय तरणीताठी राहिलीस? काय हवंय ते सांग.”

“काही नको. बसलेय जरा.”

पेत्रानानं कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला. मग मागे न बघता मला म्हणाली, “स्तामेन, वर जा आणि त्या टॅक्सीवाल्याला जायला सांग.”